कॅपमधली मोकळी जागा येते कुणाच्या खिशातून?

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा मुख्य खेळाडू, एरन रॉजर्स याला सोडायचं असं त्याच्या संघानं, ग्रीन बे पॅकर्सनी, ठरवलं, तेव्हा त्याला कुणाकडे धाडायचं यापेक्षा कधी धाडायचं हा प्रश्न मोठा होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये, ड्राफ्ट, म्हणजे नवख्या खेळाडूंची वार्षिक निवड, तीन दिवसांवर आलेला असताना, त्यांनी त्याला न्यूयॉर्क जेट्सच्या हवाली केलं. या सौद्यापायी ४ कोटी ३ लाख डॉलर पॅकर्सच्या त्या वर्षीच्या सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेत, अडकून पडले. खेळाडू जेट्सचा, बोजा पॅकर्सचा. हाच सौदा १ जूननंतर केला असता तर बोजाचा मोठा हिस्सा पुढच्या वर्षावर ढकलता आला असता. पण तोवर २०२३ चा ड्राफ्ट होऊन गेला असता, आणि पॅकर्सना त्याच ड्राफ्टमधली निवड हवी होती.

मोबदल्यात मिळालं काय? पहिल्या फेरीत पंधराव्या क्रमांकाऐवजी तेरावा, दुसऱ्या फेरीतला ४२ वा, सहाव्या फेरीतला २०७ वा, आणि २०२४ मधली एक निवड. रॉजर्स जेट्सच्या ६५ टक्के चाली खेळला असता तर ही शेवटची निवड पहिल्या फेरीतली ठरणार होती, नाहीतर दुसऱ्या. रॉजर्स चार चाली खेळला आणि टाचेमागची नस तुटून बाहेर गेला. (न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्या रात्री काय वातावरण असेल याची कल्पना करता येते, जेट्सचं मैदान तिथलंच.) तरीही पॅकर्सच्या कारभाऱ्यांची वाहवा झाली, आणि रिवाजाप्रमाणे ती रास्तच होती. चाळिशीला टेकलेला महागडा क्वार्टरबॅक गेला, त्याच्या जागी नवख्याच्या करारातून नुकताच बाहेर पडू पाहणारा जॉर्डन लव्ह आला, आणि वर दोन-तीन नवी पोरं स्वस्तात मिळाली.

माझा आक्षेप या ‘स्वस्तात’वर आहे. मार्च-एप्रिलमध्ये संघ कॅपमध्ये जागा कशी करतात यावर अमेरिकेत तासन्‌तास चर्चा झडते, आकडेमोड करणाऱ्यांचे चाहते तयार होतात. ही जागा शेवटी कुणाच्या पगारातून निघते, ते मात्र फार कुणी विचारत नाही.

नियम थोडक्यात असे. नॅशनल फुटबॉल लीगचे ३२ संघ. १९९४ मध्ये खेळाडूंच्या पगारावर मर्यादा आली तेव्हा ती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्या दुपारी चारच्या ठोक्याला प्रत्येक संघ मर्यादेच्या आत असावा लागतो. एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट. विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना संघ सात फेऱ्यांत एकेक करून उचलतात. गेल्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिला मान. उचललेल्या मुलाला ठरलेल्या दरतक्त्यानं पगार मिळतो आणि दुसऱ्या कुठल्याही संघाशी बोलायची मुभा नसते.

मार्चमधल्या त्या चारच्या ठोक्याआधी जे चालतं ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जिल्हा बँकेत ३१ मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं करतात, तसलाच हा प्रकार. समजा एखाद्या खेळाडूचा यंदाचा पगार २ कोटी डॉलर आहे. संघ त्याला लीगच्या नियमानं द्यावा लागणारा किमान पगार, म्हणजे मुरलेल्या खेळाडूसाठी २०२५ च्या दरानं १२ लाख ५५ हजार, तेवढाच पगार म्हणून ठेवतो आणि उरलेले पावणेदोन कोटींच्या वरचे पैसे बोनस म्हणून आजच त्याच्या हातात देतो. बोनसचा नियम असा की पैसे आज दिले तरी कॅपच्या वहीत ते जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून मांडता येतात. म्हणजे यंदा वहीत २ कोटींऐवजी ५० लाख दिसतात. दीड कोटीची जागा झाली, खेळाडूचा एक छदाम कमी झाला नाही. कराराची पाच वर्षं उरलेली नसतील तर शेवटी दोन-तीन खोटी वर्षं जोडायची. त्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. ती वर्षं फक्त हप्ते लटकवायला. पुढे तो खेळाडू गेला की उरलेले हप्ते एकदम अंगावर येतात. त्याला डेड मनी म्हणतात.

न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी या नव्या-जुन्याचं शास्त्र केलं. २०२१ मध्ये ड्रू ब्रीस निवृत्त झाला तेव्हा ते मर्यादेच्या सुमारे दहा कोटी डॉलर वर होते, आणि मार्चमध्ये आतही आले. पुढच्या वर्षीही आले, त्याच्या पुढच्याही. फक्त त्यानंतरच्या चार मोसमांत त्यांना एकदाही प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरची बाद फेरी, दिसलं नाही. डेन्व्हर ब्रॉन्कोसनी उलट केलं. २०२२ मध्ये रसेल विल्सनला साडेचोवीस कोटींचा करार दिला आणि दोन मोसमांत त्याला घरी बसवलं. साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी दोन वर्षांत फेडायचा, इतका मोठा खड्डा त्याआधी कुणी खणला नव्हता. सगळे म्हणाले, हा संघ आता दोन-तीन वर्षं संपला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी बाराव्या क्रमांकावर बो निक्स हा क्वार्टरबॅक उचलला आणि त्याच मोसमात दहा सामने जिंकून प्लेऑफ गाठलं.

यातून बरेच जण निष्कर्ष काढतात की कॅप म्हणजे नुसती अफवा आहे, हवी तशी वाकवता येते. मला ते पटत नाही. सेंट्सचं उदाहरण समोर आहे. ब्रॉन्कोस वाचले ते वहीतल्या हातचलाखीनं नव्हे. ज्या जागेवरच्या माणसाला बाजारात वर्षाला पाच-सहा कोटी डॉलर मिळतात, ती जागा त्यांनी त्या रकमेच्या एका छोट्या तुकड्यात भरली. नवखा क्वार्टरबॅक बाजारभावानं घ्यावा लागला असता तर विल्सनचा खड्डा बुजला नसता.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ड्राफ्टआधी संघ जागा करतात ती येणाऱ्या मुलांचे पगार बसवायला, असं वरवर पाहणाऱ्याला वाटतं. तसं फारसं नसतं. मोसम सुरू होईपर्यंत वहीत फक्त सर्वांत महागडे ५१ खेळाडू मोजतात. चौथ्या फेरीतल्या मुलाचा पहिल्या वर्षाचा पगार २०२५ च्या दरानं ८ लाख ४० हजार. त्यात बोनसचा वार्षिक हिस्सा मिळवला तरी तो दहा लाखांच्या आसपास जातो. तो ५१ जणांत शिरला तर त्याच पगाराच्या दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ढकलतो. वहीतला फरक जवळजवळ शून्य. शेवटच्या फेऱ्यांतली मुलं तर यादीत शिरतही नाहीत. त्यांच्या बोनसचा चिमुकला हप्ताच काय तो मोजला जातो. मार्चमध्ये मोकळी केलेली जागा जाते नामांकित खेळाडूंकडे. ती जाऊ शकते, कारण एप्रिलमध्ये उरलेल्या जागा भरायला नगण्य किमतीची माणसं येणार आहेत याची संघाला खात्री असते.

कॅन्सस सिटी चीफ्सनी २०२२ मध्ये हे असं उघड केलं की त्याचे धडे द्यावेत. मार्चमध्ये त्यांनी टायरीक हिल हा लीगमधल्या सर्वांत वेगवान रिसीव्हरांपैकी एक, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, मायामीला दिला. मायामीनं त्याला चार वर्षांचे १२ कोटी डॉलर देऊ केले होते. चीफ्सना ते द्यायचे नव्हते. बदल्यात ड्राफ्टमधल्या पाच निवडी आल्या. त्यांतल्या दोन पुढे करून ते पहिल्या फेरीत २१ व्या क्रमांकापर्यंत वर सरकले आणि ट्रेंट मॅकडफी हा कॉर्नरबॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, उचलला. त्याच ड्राफ्टच्या सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर, रटगर्स विद्यापीठाचा आयझाया पाचेको आला. चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणं हे त्याचं काम. त्या मोसमाअखेर चीफ्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, त्यात पाचेकोचा टचडाउन होता. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पाचेकोचं पायाचं हाड मोडलं. हे सगळं नवख्याच्या त्या एकाच कराराच्या पहिल्या तीन वर्षांत, वर्षाला जेमतेम दहा लाख डॉलरवर.

दहा लाख डॉलर म्हणजे गरिबी नव्हे, हे मलाही कळतं. नागपूर किंवा पुण्यातून वाचणाऱ्याला या तक्रारीचं हसू येईल. पण मजुरीचा न्याय रकमेवर ठरत नाही, कामाच्या किमतीशी तिचं नातं काय यावर ठरतो. पाचेकोसारख्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, बाबतीत हे नातं फारच क्रूर आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो ऐन भरात असतो, तेव्हा नियमानं त्याला मोल मागता येत नाही. सव्विसाव्या वर्षी मागायची मुभा मिळते, तेव्हा संघ त्याच्या गुडघ्यांकडे बोट दाखवतो. ज्या वर्षांत त्यानं सर्वांत जास्त दिलं, त्या वर्षांचा मोबदला त्याला कधीच मिळत नाही, पुढेही नाही.

ब्रॉक पर्डीचं उदाहरण लोक उलट्या बाजूनं देतात. २०२२ च्या ड्राफ्टमधली शेवटची, २६२ वी निवड. २०२३ च्या मोसमात त्यानं सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलं, तेव्हा वहीत त्याची किंमत नऊ लाख डॉलरच्या आसपास होती. त्याच संघानं त्याच मोसमाच्या तोंडावर निक बोसाला पाच वर्षांचे १७ कोटी दिले. आणि पर्डीच्या आधी त्या जागेसाठी, २०२१ मध्ये, पहिल्या फेरीतल्या तीन निवडी उधळून ट्रे लान्स आणला होता, तो पुढे चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला देऊन टाकला. इतकी मोठी चूक पचली कशी? पर्डीच्या पगारातून पचली. २०२५ मध्ये पर्डीला साडेसव्वीस कोटींचा करार मिळाला, झालं ना गोड, असं म्हणणारे म्हणतात. पण तिसरा मोसम संपेपर्यंत त्याला पगाराबद्दल पुन्हा बोलणी करायची मुभाच नव्हती. त्याआधी पर्डीचा गुडघा गेला असता तर?

क्लीव्हलंड ब्राउन्सचं तर बोलायलाच नको. डेशॉन वॉटसनला २०२२ मध्ये त्यांनी पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर दिले, सगळेच्या सगळे हमीचे. वर्षाला सरासरी ४ कोटी ६० लाख. तो करार अंगाशी आल्यावर दरवर्षी त्याचं नवं-जुनं सुरू झालं. क्वार्टरबॅकची जागा तर भरायलाच हवी, म्हणून २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दोन क्वार्टरबॅक उचलले. त्यांतला शेडूर सँडर्स पाचव्या फेरीतला. त्याचा चार वर्षांचा मिळून करार साधारण ४६ लाखांचा. म्हणजे वॉटसनच्या एका वर्षाच्या रकमेचा दहावा हिस्सा, तोही चार वर्षांत. मालकाच्या आणि व्यवस्थापकाच्या चुकीची भरपाई इतक्या स्वस्तात होत असेल तर चुका कमी का व्हाव्यात?

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. २०११ पूर्वी नवख्यांना दरतक्ता नव्हता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला एकही चाल न खेळता सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर कबूल झाले, त्यातले ५ कोटी हमीचे. त्याआधी २००७ चा पहिला क्रमांक, जमार्कस रसेल, मोठी रक्कम घेऊन तीन मोसमांत लीगबाहेर गेला. दहा-दहा वर्षं हाडं झिजवणाऱ्यांना हे खुपणं साहजिक होतं. म्हणून लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०११ च्या करारात तक्ता आला आणि त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात एवढी घसरण. वाचलेले पैसे मुरलेल्या खेळाडूंकडे जातील, असा वायदा होता.

ते गेले कुणाकडे? मोठा हिस्सा वरच्या थराकडे. डॅक प्रेस्कॉट वर्षाला ६ कोटींवर पोचला. मधला थर, पाच-सहा वर्षं खेळलेला, चांगला पण तारा नसलेला खेळाडू, मार्चमध्ये सर्वांत आधी कापला जातो, कारण त्याच्या किमान पगारापेक्षा नवखा तीन-साडेतीन लाखांनी स्वस्त पडतो. ही अडचण इतकी खरी आहे की जुन्या खेळाडूला किमान पगारावर घेतलं तर कॅपच्या वहीत तो दोन वर्षांच्या खेळाडूच्या दरानं मोजायचा, अशी सवलत लीग आणि संघटनेला करारातच लिहावी लागली. नवख्यांना स्वस्त करून मुरलेल्यांचं भलं होईल हा हिशेब इथेच फसतो.

दुसरा बचाव समतेचा. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव; न्यूयॉर्क, डॅलसच्या धनदांडग्यांसमोर ते टिकतं ते कॅप आणि ड्राफ्टमुळे, असं सांगतात. निम्मं खरं आहे. मुळात ते टिकतं टीव्हीच्या पैशाच्या समान वाटपामुळे. पॅकर्स हा लाखो भागधारकांचा संघ असल्यानं त्यांचा ताळेबंद जाहीर होतो. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात लीगच्या सामाईक उत्पन्नातून त्यांच्या वाट्याला ४० कोटी डॉलरहून जास्त आले. त्या मोसमाची कॅप होती २२ कोटी ४८ लाख. विमा, निवृत्तिवेतन वगैरे धरलं तरी एक तिकीट विकायच्या आधीच खेळाडूंचा सगळा खर्च निघून वर शिल्लक राहते. एकूण पगारावर मर्यादा असावी, ड्राफ्टही असावा, माझं काही म्हणणं नाही. पण एकूण रक्कम ठरल्यावर ती संघाच्या आत कशी वाटायची, याच्याशी लहान गावाचा काय संबंध? नवख्याला दुप्पट दिले तरी ग्रीन बे आणि न्यूयॉर्क दोघांनाही सारखेच द्यावे लागतील.

आपल्याकडे आयपीएलच्या लिलावाला गुरांचा बाजार म्हणण्याची पद्धत आहे. असेल. २०२५ साठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची थैली होती. मुंबई इंडियन्सनी बुमरा, हार्दिक, सूर्यकुमार, रोहित आणि तिलक यांना राखतानाच ७५ कोटी संपवले. राखण्याचं गणित तिथेही तसंच, नवख्यांचा आधारभावही ३० लाखच. पण तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर एकाहून जास्त संघांना बोली लावता आली, म्हणून आकडा १ कोटी १० लाखांवर गेला. अमेरिकेत, खुल्या बाजाराच्या माहेरघरी, बाविसाव्या वर्षीचा पदवीधर एकाच गिऱ्हाइकापुढे उभा असतो. अर्थात आपली पाठ थोपटायचं कारण नाही. तिथे निदान संघटना आहे. भारतात सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची संघटनाच नाही.

संघटना आहे म्हणूनच शेवटचा बचाव सर्वांत वजनदार ठरतो: हे सगळं खेळाडूंनीच मतदानानं मान्य केलंय. कुणी मान्य केलं ते पाहू. सध्याचा करार मार्च २०२० मध्ये मंजूर झाला, १०१९ विरुद्ध ९५९ मतांनी. साठ मतांचा फरक. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत झालेल्या ड्राफ्टमधल्या जो बरो, जेलन हर्ट्स, जॉर्डन लव्ह यांच्यापैकी एकालाही मत नव्हतं. ते तेव्हा संघटनेचे सदस्यच नव्हते. करार २०३० च्या मोसमापर्यंत चालणार आहे. म्हणजे त्या दिवशी शाळेत असलेली मुलंही त्यानं बांधली गेली. २०११ मध्ये तर ड्राफ्ट एप्रिलमध्ये झाला आणि उचललेल्या मुलांचे पगार कापणारा तक्ता नंतर जुलैत ठरला. जे टेबलावर नाहीत त्यांच्या ताटातलं वाटून घेणं सोपं असतं. त्यात मालकांचा फायदा आहेच, पण मत देणाऱ्या खेळाडूंचाही आहे, आणि संघटनेला याबद्दल कुणी फारसं छेडत नाही.

म्हणून मागणी मर्यादित आहे. २०१० कडे परत जा असं मी म्हणणार नाही. एकही चाल न खेळलेल्याला पाच कोटींची हमी नको. पण पुन्हा बोलणी करायची मुभा तिसऱ्याऐवजी दुसऱ्या मोसमानंतर द्या. पहिल्या फेरीतल्या मुलाचं पाचवं वर्ष संघाच्या एकतर्फी मर्जीवर असतं, ते कलम काढा. कामगिरी सिद्ध केलेल्यांना चौथ्या वर्षी आपोआप वाढ देणारं कलम करारात आहेच, त्याला दुसऱ्या वर्षावर आणा. कॅपचा एकूण आकडा एका डॉलरनंही वाढवावा लागणार नाही. बो निक्ससारखा मुलगा पहिल्याच वर्षी संघ सावरतो, तर तिसऱ्या वर्षी संघाला त्याची किंमत मोजावी लागेल, आणि विल्सनसारखा करार करताना व्यवस्थापक दहादा विचार करेल. झळ बसेल ती वरच्या थराला. सहा कोटींचे साडेपाच होतील. ताऱ्यांना ते आवडणार नाही, आणि संघटनेत आवाज त्यांचाच मोठा असतो, ही खरी अडचण आहे. मालकांचा विरोध त्या मानानं दुय्यम.

संधी मात्र जवळ आलेली आहे. मालकांना मोसमात अठरावा सामना हवा आहे, आणि संघटनेच्या संमतीशिवाय तो होत नाही. तो सामना सर्वांत जास्त कुणाच्या शरीरावर खेळला जाईल? ज्यांची बदली स्वस्त, त्यांच्या. संघटनेनं अठराव्या सामन्याची किंमत म्हणून कॅपमध्ये आणखी एक-दोन कोटींची वाढ मागू नये. ती आपोआप वरच्या करारांत मुरते. नवख्यांचा दरतक्ता मागावा, आणि तो कागदावर येत नाही तोवर तारीख ठरवू देऊ नये.